साठ की आठ

मे महिन्यातला रविवार. संध्याकाळचे साडेसात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आमचे हे दिसत होते, मागे जहाजावरच्या केबिनची पांढरी भिंत. सासूबाई खुर्ची ओढून पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ बसल्या होत्या. दोन-तीन मिनिटं त्यांनी कान देऊन ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि उठल्या. “माजे कान गेले गो आता. तूच बोल त्याच्यावांगडा,” म्हणाल्या आणि खळ्यात जाऊन बसल्या.

मला ते फार लागलं. कारण कान गेलेली बाई कशी असते ते मी माहेरी पाहिलेलं आहे, आणि आमच्या आई, म्हणजे सासूबाई, तशा नाहीत. रात्री कलमाखाली आंबा पडला तर सकाळी कुठल्या झाडाखाली बघायचं ते त्या अंथरुणातून सांगतात. गडग्यापलीकडून कुणी हाक मारली तर माझ्याआधी त्यांना कळते. मग मुलाचाच आवाज का कळू नये? वर्षातले सात-आठ महिने मुलगा समुद्रावर असतो. आठवड्यातून एकदा त्याच्याशी बोलणं होतं, तेही त्यांनी सोडून दिलं तर उरलं काय? त्या रात्री मी ठरवलं, आवाजाचं हे दुखणं कुठे आहे ते शोधून काढायचंच.

आमचं घर देवगड तालुक्यात, कातळावर. मोबाइलची रेंज खळ्याच्या एका कोपऱ्यात येते, घरात येत नाही. घरात फायबरचं इंटरनेट आहे आणि २०२०च्या लॉकडाउनमध्ये लेकीच्या शाळेसाठी घेतलेला डेस्कटॉप कॉम्प्युटर आहे. लेक आता रत्नागिरीला शिकते, तेव्हा कॉम्प्युटर माझ्याकडे आला: आंब्याच्या पेट्यांचे हिशेब, गिऱ्हाइकांचे पत्ते, आणि रविवारचा कॉल.

पहिले पंधरा दिवस मी चुकीच्या रीतीने घालवले. राउटर हलवला, ड्रायव्हर पुन्हा टाकला, नवीन हेडफोन मागवला, स्पीकरचा आवाज वाढवला, आणि हे सगळं एकदमच केलं. एका रविवारी जरा बरं वाटे, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात कॉम्प्युटर नेऊन दाखवला. त्यांनी पाच मिनिटं पाहून साउंड कार्ड गेलं, मदरबोर्ड बदलावा लागेल असं सांगितलं. इंटरनेटवाल्यांना फोन केला तर स्पीड पूर्ण येतोय म्हणाले. दोघांनीही आमचा आवाज ऐकून पाहिला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

बागेत आम्ही असं करत नाही. मोहोर गळायला लागला म्हणून कुणी तीन औषधं एकाच दिवशी मारत नाही. मारली तर कुठलं लागू पडलं ते कधीच कळत नाही. तेव्हा पेट्यांच्या हिशेबाच्या वहीतलं एक कोरं पान घेतलं आणि उभ्या रेघा मारल्या. तारीख, वेळ, त्रास काय, तो कुणाला ऐकू आला, आणि मी बदललेली एक गोष्ट. एकच. रविवारपर्यंत थांबणं परवडणार नव्हतं म्हणून मधल्या दिवशी चाचणीसाठी लेकीला रत्नागिरीला कॉल लावायचा.

वहीतला चौथा रकाना, ‘कुणाला ऐकू आला’, हाच सगळ्यात उपयोगी ठरला. आम्ही ज्याला “आवाज नीट येत नाही” म्हणत होतो ते एक दुखणं नव्हतंच. यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येत होता. यांना आणि लेकीला, दोघांनाही आमचा आवाज बारीक आणि मागे सारखी घुंSS अशी घरघर येत होती. आम्हाला यांचा आवाज तुटक येत होता, मधली अक्षरं गळून. आणि आईंना तो तुटत नसतानाही शब्द कळत नव्हते. चार दुखणी, चार ठिकाणची.

घरघरीपासून सुरुवात केली, कारण ती तपासायला समोर कुणी लागत नाही. इंटरनेट बंद करून ठेवलं आणि कॉम्प्युटरमध्येच असलेल्या व्हॉइस रेकॉर्डरवर माझा आवाज भरला. ऐकला तर घरघर होतीच, आवाजही खोल विहिरीतून आल्यासारखा. म्हणजे हा दोष आमच्या घरातला. जहाज, उपग्रह, फायबर कुणाचाच नाही. एका मिनिटाची ही चाचणी मी पहिल्या दिवशी केली असती तर मदरबोर्डची भीती घेऊन पंधरा दिवस काढावे लागले नसते.

आवाज बारीक येण्याचं पहिलं कारण पिनमध्ये सापडलं. मी मागवलेला हेडफोन मोबाइलचा होता. त्याच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार भाग: दोन कानांचे दोन, माइकचा एक आणि एक सामाईक. आमच्या डेस्कटॉपला मात्र दोन वेगळी भोकं आहेत, गुलाबी माइकचं आणि हिरवं स्पीकरचं, आणि प्रत्येकात तीन भागांचीच पिन बसते. मी हेडफोन हिरव्या भोकात घातला होता. ऐकू यायचं, म्हणून मला वाटलं सगळं जोडलं गेलंय. माइक कुठेच जोडलेला नव्हता. जामसंड्याच्या दुकानात एकाची दोन करणारी छोटी जोडवायर मिळाली. ती लावली, तरी पुढच्या बाजूच्या गुलाबी भोकात काही उमटेना. टॉर्च मारून पाहिलं तर आत हिरवट बुरशीसारखं. समुद्र आमच्याकडून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या हवेत तांब्या-पितळेला जे होतं तेच. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, कापसाच्या बारीक काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं. थोडं सुधारलं, पण हात लागला की खरखर. शेवटी मागच्या बाजूचं भोक वापरलं. ते कधी उघडं राहिलं नव्हतं, त्याला धुळीची टोपी होती. तेव्हापासून वापरात नसलेल्या प्रत्येक भोकाला मी टोपी घालून ठेवते.

आता घरघर.

विंडोज १०मध्ये खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक केलं की ‘साउंड्स’ येतं, त्यात ‘रेकॉर्डिंग’. तिथे माइकवर दोनदा क्लिक केलं की ‘लेव्हल्स’मध्ये ‘मायक्रोफोन बूस्ट’ची पट्टी दिसते. मी ती तीसवर नेऊन ठेवली होती, आवाज मोठा व्हावा म्हणून. बूस्ट माझा आवाज वाढवतो तसा पंख्याचा, घरघरीचा, सगळ्यांचाच वाढवतो. ती दहावर आणली आणि माइक तोंडापासून चार बोटांवर आणला. माइकचं अंतर निम्मं केलं की पोचणारा आवाज सहा डेसिबलनी वाढतो, आणि खोलीतला गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. दीड हातावरून चार बोटांवर येण्याने जे मिळालं ते कुठल्याही पट्टीने मिळालं नसतं. घरघर कमी झाली. गेली नाही.

मग एक गोष्ट लक्षात आली. मी अनवाणी असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की घरघरीचा सूर बदलायचा. आणि बोटांना बारीक झिणझिण्या यायच्या. त्या झिणझिण्या मला कित्येक महिने येत होत्या. जुना कॉम्प्युटर, असंच असेल, म्हणून मी सोडून दिलं होतं.

वायरमनला बोलावलं. त्याने फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये बल्ब लावून पाहिला, तो पेटलाच नाही. मग प्लगची पेटी उघडली. “ह्येका अर्थिंगच नाय, वयनी.” तिसऱ्या भोकातली हिरवी वायर पेटीच्या आतच तुटून लोंबत होती. ती जोडली, पुन्हा बल्ब लावला, आता तो मिणमिणला. म्हणजे पुढेही खोट. आम्ही परसात अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेलो. खड्डा कातळात खणलेला. जांभ्यात पाणी टिकत नाही, पावसाळ्यात भरतं तेवढंच. मे महिन्यात तो खड्डा भाजलेल्या कौलासारखा कोरडा पडला होता. कोरड्या जमिनीतून वीज नीट उतरत नाही. त्याने पट्टीचा गंजलेला सांधा कापून नवा केला, खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलं, वर मी चार घागरी पाणी ओतलं. बल्ब पूर्ण पेटला. (हे बल्बचं काम घरी कुणी करू नये. ते ज्याचं त्यानेच करावं.)

त्याने मला समजावून सांगितलं ते इथे लिहिते, कारण कोकणात माझ्यासारखी कातळावरची घरं पुष्कळ आहेत. कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्यात बारीक कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात आणि त्यांतून किंचित प्रवाह पत्र्यावर येतो. अर्थिंग असलं तर तो जमिनीत जातो. नसलं तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब उभा राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण माइकची तार त्याच पत्र्याशी जोडलेली, त्यामुळे विजेची सेकंदाला पन्नास फेऱ्यांची लय आवाजात उतरते. तीच आमची घुंSS. आणि त्याच प्लगवर उद्या आतून खराब झालेलं एखादं यंत्र लागलं असतं तर झिणझिण्यांवर भागलं नसतं. आवाजाच्या मागे लागले म्हणून हे कळलं. आता दर वर्षी शिगम्यानंतर खड्ड्यात पाणी ओतायचं हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

त्या संध्याकाळी पुन्हा रेकॉर्डरवर आवाज भरला. मागे शांतता. इतकी की दूरवरचा भारद्वाज त्यात आला.

आनंदाने लेकीला कॉल लावला तर ती म्हणाली, “आई, अजून लांबूनच बोलतेयस.” हे कोडं मला दोन दिवस सुटलं नाही. रेकॉर्डरमध्ये स्वच्छ, कॉलमध्ये बारीक. शेवटी ‘रेकॉर्डिंग’च्या यादीत नीट पाहिलं. हेडफोनच्या माइकवर हिरवी बरोबरची खूण होती, पण पडद्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याच्या माइकवर हिरव्या फोनची खूण. विंडोज दोन वेगळे ‘डिफॉल्ट’ ठेवतं: एक सर्वसाधारण आणि एक बोलण्यासाठी. रेकॉर्डर पहिला घेत होता, कॉल दुसरा. म्हणजे मी चार बोटांवरच्या माइकात बोलत होते आणि कॉल ऐकत होता कॅमेऱ्यातल्या माइकातून, दीड हातावरून, पंख्यासकट. हेडफोनच्या माइकवर राइट क्लिक करून दोन्ही खुणा त्यालाच दिल्या. खात्री करायची सोपी रीत अशी: माइकवर नखाने टकटक करायची आणि यादीत कुणाची हिरवी पट्टी उसळते ते पाहायचं. ब्राउझरमधून कॉल करत असाल तर तिथल्या सेटिंगमध्येही माइकचं नाव निवडलेलं असतं. तेही एकदा बघून घ्यावं.

यांना स्वतःचाच आवाज परत येत होता त्याबद्दल मी उलटंच समजत होते. ज्याला त्रास त्याचा दोष असं आपल्याला वाटतं. मी यांना सांगत राहिले, तुमच्याकडचं काहीतरी बघा. प्रत्यक्षात प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो त्याच्याकडे दोष नसतो, समोरच्याकडे असतो. यांचा आवाज आमच्या स्पीकरमधून बाहेर पडायचा, आमच्याच माइकात शिरायचा आणि परत जहाजावर जायचा. कॉलच्या प्रोग्राममध्ये हे वजा करायची सोय असते: स्पीकरला काय पाठवलं ते त्याला माहीत असतं, तेवढं माइकात आलेल्या आवाजातून तो काढून टाकतो. पण स्पीकर पूर्ण वर नेला की तो फाटतो, फाटलेला आवाज मूळच्यापेक्षा वेगळा होतो, आणि मग वजाबाकी चुकते. आईंना ऐकू यावं म्हणून मी स्पीकर पूर्ण वर नेला होता. शिवाय आमची ओटी म्हणजे चिऱ्याच्या भिंती, शहाबादी फरशी, वर पत्रा. हाक मारली की चारी बाजूंनी परत येते.

आईंनी हेडफोन लावला असता तर प्रश्नच मिटला असता. त्यांनी एकदा लावून पाहिला, कानातल्या कुड्यांवर तो दाबतो म्हणून काढून ठेवला. मी आग्रह केला नाही. त्याऐवजी दोन स्पीकरपैकी एकच त्यांच्या उजव्या हाताशी, कानाच्या उंचीला एका डब्यावर ठेवला, आवाज निम्म्यावर आणला. माइक स्पीकरच्या पाठीमागे. समोरच्या भिंतीवर दोरी बांधून एक जुनी गोधडी टाकली, खाली चटई. जवळ आलेला निम्मा आवाज आईंना लांबच्या पूर्ण आवाजापेक्षा मोठा वाटला. यांना परत येणारा आवाज थांबला. गोधडी अजून तिथेच आहे.

तुटक आवाजाला मात्र वेळ लागला. इंटरनेटचा वेग आमचा चांगला आहे. चाचणी केली की मोठमोठे आकडे येतात, आणि त्या आकड्यांनीच मला फसवलं. बोलण्याला वेग फार लागत नाही. आवाजाचे बारीक तुकडे करून, साधारण वीस मिलिसेकंदांचा एक, म्हणजे सेकंदाला पन्नास, असे ते पाठवले जातात. हे तुकडे वेळेवर यावे लागतात. उशिरा आलेला तुकडा टाकून द्यावा लागतो, कारण तोवर पुढचा शब्द सुरू झालेला असतो. फोटो उशिरा आला तर चालतो. ‘नको’मधला ‘न’ उशिरा आला तर चालत नाही.

तुकडे कुठे अडतात ते बघायला ‘पिंग’ पुरतं: एखाद्या पत्त्यावर छोटा निरोप पाठवून उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते ते दाखवतं. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत पिंग लिहून आधी राउटरचा पत्ता, आमच्याकडे १९२.१६८.१.१, आणि दुसऱ्या खिडकीत बाहेरचा एखादा, गूगलचा ८.८.८.८. शेवटी उणे आणि टी लावलं की ते थांबवेपर्यंत चालू राहतं. पहिला आकडा घरातला रस्ता सांगतो, दुसरा घराबाहेरचाही. घरातल्या घरात आकडा एक-दोन मिलिसेकंद यायला हवा. आमचा दोन, तीन, एकशे ऐंशी, चार, ‘टाइम्ड आउट’, तीनशे असा उड्या मारत होता. म्हणजे फायबरला दोष द्यायचं कारणच नव्हतं. तुकडे माजघर आणि ओटी यांच्यामध्येच अडत होते. मध्ये दीड फुटी चिऱ्याची भिंत. चिरा सच्छिद्र, पावसात ओलावतो, आणि पाणी वाय-फायच्या लहरी शोषून घेतं. मे महिन्यात हे हाल, तर आषाढात काय होत असेल!

वीस मीटर लॅनची केबल आणली, माजघराच्या खिडकीतून काढून वाशाच्या कडेने ओटीवर आणली. उंदरांचा धोका म्हणून पाइपात घातली. राउटरचा आकडा एकवर येऊन बसला, हललाच नाही.

तरीही साडेसातला तुटायचं, आणि दुपारी चाचणी केली की सगळं ठीक. वहीतल्या वेळांकडे बघताना उलगडा झाला. हंगामात मी दिवसभर पेट्यांचे, फळांचे व्हिडिओ काढते. संध्याकाळी घरात आले की मोबाइल वाय-फायला जोडला जातो आणि आपोआप सगळे व्हिडिओ वर चढवायला लागतो. वर जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि आवाजाचे तुकडे त्या रांगेच्या शेवटी उभे राहतात. मी पिंग चालू ठेवून मोबाइलचं वाय-फाय चालू केलं: बाहेरचा आकडा चाळीसवरून आठशेच्या वर. बंद केलं: पुन्हा चाळीस. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो पहिली पेटी चांगल्या भावाने गेल्यावर होतो तसा होता. आता बॅकअप रात्री अकरानंतर.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नव्हती. यांच्या जहाजावरचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायचा म्हणजे बहात्तर हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही त्याला पाव सेकंद लागतो. प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद तर नुसत्या प्रवासात. ५५० किलोमीटरवरून फिरणारे नवे उपग्रह काही जहाजांवर आलेत, त्यांत हा उशीर राहत नाही. यांच्या जहाजावर ते नाहीत. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघाने एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं सांगितलेलं आहे, आणि आमचा त्याहून पुष्कळ जास्त. म्हणून आम्ही एकमेकांवर बोलत होतो: आईंना वाटायचं मुलगा गप्प आहे, त्या पुढचं विचारायच्या, तेवढ्यात आधीचं उत्तर यायचं, आणि दोन्ही वाया.

यावर मी आईंना सुचवलं की आपलं बोलून झालं की शेवटी ‘बोल’ म्हणायचं, आणि ‘बोल’ ऐकू आल्याशिवाय आपण बोलायचं नाही. मला वाटलं होतं समजवायला वेळ लागेल. त्या लगेच म्हणाल्या, “ह्यां म्हणजे आमच्या दादाच्या ट्रॉलरावरच्या वायरलेसासारख्यांच की गो.” त्यांचे भाऊ देवगड बंदरातून ट्रॉलर नेत. वायरलेसवर एकाने बटण दाबलं की दुसऱ्याने ऐकायचं, हे त्यांनी पाहिलेलं.

एवढं करून जूनच्या पहिल्या रविवारी आई पुन्हा खुर्चीत बसल्या. आवाज तुटत नव्हता, घुमत नव्हता, घरघर नव्हती. यांनी सांगितलं, कोचीला उतरायला साठ दिवस राहिले. आई माझ्याकडे वळून आनंदाने म्हणाल्या, “आठ दिवसांनी येता!” मी म्हटलं, आठ नाही, साठ. त्यांचा चेहरा उतरला. मग पुन्हा तेच वाक्य, “सांगलंय मां तुका, माजेच कान गेले.”

या वेळी मी वही उघडून विचार केला. आंबा पडल्याचा धप्प हा जाडा आवाज. हाक म्हणजे स्वर. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांच्यात फरक फक्त ‘स’चा, आणि ‘स’ म्हणजे बारीक, उंच शीळ. वयानुसार कान मंदावतात तेव्हा आधी हे उंच आवाजच जातात. त्यामुळे माणूस बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते कळत नाही, आणि मोठ्याने बोलून उपयोग होत नाही. पण समोर बसून मी ‘साठ’ म्हटलं की आईंना साठच ऐकू येत होतं, मी तोंडावर पदर धरून पाहिलं. म्हणजे त्यांच्या कानात ‘स’ अजून शिल्लक होता. तो वाटेत कुठेतरी हरवत होता.

आमच्याकडचं सगळं तपासून झालं होतं. यांना विचारलं, तुम्ही कशातून बोलता? ब्लूटूथचे इअरफोन, बिनतारी. त्यात उत्तर होतं. ब्लूटूथवर गाणी ऐकताना आवाज भरघोस येतो, पण त्याच इअरफोनचा माइक वापरायला लागलो की ते दुसऱ्या पद्धतीवर जातात, बोलण्याच्या, आणि जुन्या प्रकारात तर साध्या टेलिफोनइतकाच आवाज पुढे जातो. टेलिफोनचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झ. ‘स’ची शीळ बहुतेक त्याच्या वर. तरुण कान उरलेल्यातून अंदाज बांधतो. आईंच्या कानाला तेवढी शिल्लक नव्हती. जो थोडा ‘स’ त्यांना ऐकू आला असता, तो इअरफोननेच कापून टाकला होता.

यांच्याकडे तारेचा जुना हेडफोन ड्रॉवरमध्ये पडलेला होता.

पुढच्या आठवड्यात आईंना कणकवलीला कानाच्या डॉक्टरांकडेही नेलं. आलेखात उंच आवाजांकडे रेघ खाली गेलेली होती, जाड्या आवाजांना जवळपास सरळ. त्यांनी यंत्राबद्दल सांगितलं, ते पावसाळा संपल्यावर बघणार आहोत. गाडीतून परत येताना आई दोनदा म्हणाल्या, “म्हणजे गेले नाय कान.”

त्या रविवारी बाहेर मृगाचा पाऊस धो धो. पत्र्यावर आवाज इतका की मी माइक आईंच्या हनुवटीशी धरून बसले. यांनी तारेचा हेडफोन लावला होता. काय जेवलास, झोप होते का, हे नेहमीचं झालं. हे बोलत होते, बोलता बोलता ‘समुद्र शांत आहे’ असं काहीतरी म्हणाले आणि शेवटी ‘बोल’. आई बोलल्या नाहीत. मान जरा कलती करून स्पीकरकडे बघत राहिल्या. मला वाटलं पुन्हा ऐकू गेलं नाही.

“सर्दी झाली मां रे तुका?” त्या म्हणाल्या. “बोल.”

अर्धा सेकंद गेला. मग तिकडून आधी हसू आलं. मी पडद्यावर तोच चेहरा बघत होते, तोच आवाज ऐकत होते, मला काहीही वेगळं जाणवलं नव्हतं. “दोन दिवस झाले,” हे म्हणाले. “तुला कसं कळलं? बोल.”

“आल्याचो रस घे मधातून. आणि डोक्यार वारो घेव नको,” आई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून खुर्ची थोडी मागे घेतली. “बोल.”